कुणाचे तुम्ही?

सोमवार, ४ जानेवारी २०२१

फोन लागला नाही. म्हणजे लागला — पण पलीकडे नुसती बासरी! सकाळभर बासरी. अधूनमधून एक बाई बोलते, "तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." खोटारडी! माझी सगळी नोकरी टेलिफोन कंपनीत गेली. या शहरातल्या अर्ध्या लोकांना मी उरलेल्या अर्ध्यांशी जोडून दिलं. आवाजावरून मला माणूस कळतो, आणि ही बाई माणूसच नाही, टेप आहे.

सत्तरीच्या वरच्यांना आजपासून लस म्हणे. कुठे? कशी? विचारायचं त्या बासरीला.

मेना खिडकीपाशी बसून राजमा निवडत होती. आज सोमवार, दुसरं काय शिजणार! नाकाला नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतंय. "ठेव गं तो फोन. त्यांना आपली आठवण झाली की करतील." थोरल्या बहिणीची ही थट्टा. हिची फुप्फुसं परक्यांचे कपडे वाफेवर इस्त्री करण्यात गेली. हा आजार एकदा उंबऱ्याच्या आत आला तर हिचं काही खरं नाही. वाक्य डॉक्टरचं आहे, माझं नाही. मी एवढं सौम्य बोलत नाही.

तेव्हा, मेनाला लस. बाकी जग बुडालं तरी चालेल.

गुरुवार, ७ जानेवारी

लस कुठं मिळणार ते पेपरात आलं. सगळी दुकानं नदीच्या वळणापाशी, जिथं बागांना माळी असतात. आमच्या सातव्या वॉर्डात औषधाचं दुकान होतं. मोठ्या वादळात त्याला कुलूप लागलं ते लागलंच. मेनाला दोन बस बदलून न्यायची, टाकी कडेवर घेऊन?

संध्याकाळी टीव्हीवर आरोग्य खात्याचा एक टाय लावलेला पंडित: "काळा समाज लस घ्यायला कचरतो आहे." कचरतो! पान मांडायचं नाही, वाढायचं नाही, आणि वर म्हणायचं पाहुणे लाजतात!

मी टीव्हीला उत्तर दिलं. भिंतीपलीकडून इझिडोर ओरडला, "मिस ओनेलिया, एकट्या भांडताय की कुणी आलंय?" हा इझिडोर आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहतो. पूर्वी ट्रंपेट वाजवायचा, आता फक्त तोंड वाजवतो.

रविवार, १७ जानेवारी

चर्चहून आले तर पायरीवरूनच ऐकू आलं — मेना फोनवर हसत होती. मी आत पाऊल टाकलं, तिनं फोन ठेवला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

मागच्या रविवारीही राँग नंबर! राँग नंबरशी इतकं गोड कुणी बोलत नाही. पण विचारलं नाही. दुसऱ्याच्या लाइनवर कान द्यायचा नाही, हे मी सव्वीस मुलींना शिकवलंय.

बातमी चांगली आहे. फादर इकेन्नांनी वेदीवरून सांगितलं — तीस तारखेला आपल्या चर्चच्या हॉलमध्ये लस! शहराच्या आरोग्य खात्याची योजना. "ज्यांना मिळत नाही त्यांच्या दारात." फादर नायजेरियाचे. त्यांना अजून वाटतं, या शहरात कुणी दारात येतं ते द्यायलाच.

बुधवार, २० जानेवारी

नावं इंटरनेटवर नोंदवायची. दारात येणार, पण दार इंटरनेटवर!

इझिडोरच्या पुतणीला बसवलं. तिनं मेनाचं नाव घातलं, जन्मतारीख घातली, पत्ता घालेपर्यंत — "सर्व जागा भरल्या आहेत. आपल्या उत्साहाबद्दल आभार."

मेना म्हणाली, "बघ, कोण म्हणतं आपले लोक कचरतात? क्षणात भरलं."

बिचारी.

शनिवार, ३० जानेवारी

 

सकाळी मेनाला कोट चढवला, चाकाची खुर्ची घेतली. म्हटलं नाव नसेल तर नसेल, कुणी तरी येणार नाही, एक डोस उरेल. कोपऱ्यावर वळलो आणि पाहिलं — मोटारी! आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना, पार त्या पुलाखालपर्यंत. आमची ओकची झाडं तोडून आमच्या डोक्यावरून जो मोटाररस्त्याचा पूल नेला, त्याच पुलावरून उतरून आले होते सगळे. व्यायामाचे कपडे, हातात कॉफी, पायांत बिनमोज्यांचे महागडे बूट. एक बाई दुसरीला म्हणाली, "किती गोड आहे ना हा भाग! इतक्या वर्षांत कधी आलेच नव्हते इकडे."

आमचे लोक आपापल्या ओसरीवर. मिरवणूक बघावी तसे बसलेले. यंदा माळा उधळणाऱ्या कार्निव्हलच्या मिरवणुका बंद आहेत, ही तेवढी निघाली! इझिडोर खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसला होता, हात वर करून ओरडत होता, "मण्यांच्या माळा तरी फेका की हो, साहेब!" दोघी तर लाजून हसल्या आणि त्याला हात केला.

दारात आरोग्य खात्याची मिस कॅटलिन. पोरगी पंचविशीची, डोळे दमलेले. "नाव नोंदवलंय का?"

मी म्हटलं, "एक्केचाळीस साली. याच चर्चमध्ये. बाप्तिस्म्याच्या वेळी."

"सॉरी, मॅम. नियम सगळ्यांना सारखे आहेत."

सारखे! कोल्ह्याला आणि करकोच्याला एकाच थाळीत सूप वाढायचं आणि म्हणायचं, आम्ही भेदभाव करत नाही. मेनानं माझी बाही ओढली. "चल, नेली. थंडी वाजतेय." लहानपणच्या नावानं हाक मारते ती, मी फार तापले की.

संध्याकाळी टीव्हीवर आमचंच चर्च. पुढं तोच टायवाला: "आज आम्ही सातव्या वॉर्डापर्यंत पोहोचलो." पोहोचलात. खरं आहे. पार्किंगलाही जागा मिळाली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

व्हिओला गेली. चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी. तिला लसीची तारीख मिळाली होती — मार्चची.

बुधवार, १७ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. यंदा फादर कपाळावर राखेचा क्रूस काढत नाहीत, राख वरूनच डोक्यावर भुरभुरतात, मीठ टाकल्यासारखी. मी तशीच, राखेच्या डोक्यानं, त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेले.

"फादर, परत हॉल देणार आहात?"

"सत्तावीसला, मिस ओनेलिया. देवाचं घर सगळ्यांसाठी खुलं—"

"देवाचं घर खुलं ठेवा. हॉल आमच्या आजोबांनी बांधलाय. विटा त्यांच्या, गवंडीकाम त्यांचं. त्या वेळी गोऱ्यांच्या मोठ्या चर्चमध्ये आम्हाला मागच्या बाकांवर बसवत होते, म्हणून बांधला."

फादर म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय करू?"

सांगते म्हटलं. मी सांगायलाच जन्मले आहे.

शनिवार, २० फेब्रुवारी

बैठक. मी, फादर, मिस कॅटलिन, हॉलमध्ये, एकेकाच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर.

माझं म्हणणं सरळ. इंटरनेट बंद. रांग लावायची. आणि दारात मी बसणार.

"पण तुम्ही कुणाला अडवू शकत नाही, मॅम. वंश विचारणं कायद्यात बसत नाही."

"रंग कोण विचारतंय? मी एकच विचारीन — कुणाचे तुम्ही?"

"म्हणजे?"

बघा! इथंच कळलं. या वॉर्डात बोलता येऊ लागलेल्या पोराला हा प्रश्न कळतो. नवा माणूस ओसरीवर आला की आधी हाच, मग खुर्ची, मग गंबोची वाटी. आई कुठल्या घरची, आजी कुठल्या चर्चची, कुठल्या नन्सच्या हातच्या छड्या खाल्ल्या. दोन वाक्यांत माणूस जागेवर बसतो. कागदपत्र लागत नाही. खोटं बोलताही येत नाही, कारण तुमच्या आजीला ओळखणारी कुणी तरी शेजारी बसलेलीच असते.

मिस कॅटलिननं कागद पुढं ओढला. मग मास्कच्या आत पुटपुटली, "शेजारपाजारच्यांना प्राधान्य, असं लिहिते मी वर."

"काय वाटेल ते लिही, पोरी." मुलगी वाईट नाही. फक्त शिकवलेली आहे.

परत येताना इझिडोरला सांगितलं. तर यानं काय म्हणावं? "वा, मिस ओनेलिया! मग ती पिशवीपण टांगा की दाराला."

त्याला माहीत आहे, ते मला कुठं लागतं. आमच्या तरुणपणी इथल्या काही मोठ्या घराण्यांच्या क्लबांत नाच असायचे आणि दाराला तपकिरी कागदी पिशवी लटकवलेली असायची. पिशवीहून सावळा असाल तर घरी जा. आपलेच लोक, आपलंच दार! मेना आत गेली होती. आमचा ऑरेल आत गेला होता. मी घरी गेले.

इझिडोरला म्हटलं, "पिशवी तुझ्या तोंडाला बांधीन."

शनिवार, २७ फेब्रुवारी

पहाटेपासून रांग. या वेळी रांगेत आपली माणसं — टोप्या, काठ्या, इस्त्रीचे कपडे, सकाळच्या मिस्साला यावं तसे. मी दारात. चर्चची लाकडी खुर्ची, मांडीवर जपमाळ.

"कुणाचे तुम्ही?"

"मिस एर्माचा धाकटा. मासळीवाली एर्मा."

"आत जा. आईसारखा उधार ठेवू नकोस."

असं सगळं. हसणं, शिव्या, आशीर्वाद. महागड्या बुटांची दोन जोडपी आली. प्रश्न विचारला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "आम्ही अमेरिकन आहोत." मी म्हटलं, "मी पण. पुढं?" पुढं काही नव्हतं. गेले. मेना सगळ्यांत आधी आत गेली होती. लस घेऊन झाली, भिंतीकडेच्या खुर्चीत कागदी पेल्यातून पाणी पीत बसली होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. देवा, आजच्या दिवसापुरतं तुझं-माझं भांडण नाही, असंही म्हणून झालं.

आणि मग तो.

रांगेत मी त्याला आधीच हेरलं होतं. गोरा, उंच, म्हातारा. चांगला लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं. बाकी सगळे बाह्या सरकवून तयार, हा मात्र लग्नाला आल्यासारखा. मागच्यांना सारखं पुढं सोडत होता — या, तुम्ही आधी या. सभ्यपणाचं नाटक! माझ्यासमोर आला आणि टोपी काढून हातात घेतली.

"कुणाचे तुम्ही?"

"हॉर्टेन्सचा." पुन्हा म्हणाला, "हॉर्टेन्स रोशोंचा. मागच्या गल्लीतलं निळ्या झडपांचं घर. अंगणात अंजिराचं झाड."

मी म्हटलं ना, आवाजावरून मला माणूस कळतो. पहिल्या शब्दातच कळलं होतं.

हॉर्टेन्स रोशों माझी आई.

ऑरेल. मेनाच्या पाठचा, माझ्या आधीचा. मेणासारखा गोरा जन्मला. लहानपणी ट्राममध्ये ती लाकडी पाटी असायची — पाटीच्या मागं काळ्यांनी बसायचं. हा गंमत म्हणून पुढं जाऊन बसायचा. कुणी उठवायचं नाही. आम्ही दोघी मागून त्याची मान बघायचो आणि हसू दाबायचो. एक दिवस तो पुढं बसला आणि मागं आलाच नाही. बासष्ट साल. आमच्यात म्हणतात, 'पलीकडे गेला'. मेलेल्यासाठी नाही, गोरा झालेल्यासाठी. तळ्याच्या पलीकडे घर, नवं आडनाव, गोरी बायको, मुलांना गोऱ्यांची शाळा. आई वारली तेव्हा फुलं आली. नाव नव्हतं.

मागं इझिडोर उभा होता, त्यानंही ऐकलं.

मी म्हटलं, "हॉर्टेन्सला दोन मुली. मुलगा होता, त्याच्या नावानं आई दरवर्षी मिस्सा वाचून घ्यायची, मेलेल्यांसाठी वाचतात ती. पुढचे कोण?"

फादर पुढं आले. "मिस ओनेलिया, हे कोण?"

"तळ्यापलीकडचे. रस्ता चुकलेत."

त्यानं मान हलवली, हळूच, बरोबर उत्तर ऐकल्यासारखी. "बरं, नेली," म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

पुढच्याला मी विचारलं — कुणाचे तुम्ही? माझा आवाज अजिबात कापला नाही. नन्सनी चांगलं शिकवलंय.

रविवार, २८ फेब्रुवारी

मेना बोलत नाही. कालपासून एकच वाक्य: "तू त्या दारात बसायला नको होतंस."

मी काय चुकीचं केलं? सांग ना! गोऱ्यांचं सगळं घेतलं त्यानं. त्यांची नोकरी, त्यांचं कर्ज, त्यांचं हॉस्पिटल. आम्ही या पुलाखालचा धूर खाल्ला. त्याच्या भागात लस दुकानातून ओसंडून वाहतेय. आणि हा व्हिओलाच्या वाटचा डोस उचलायला आमच्या हॉलमध्ये येतो? माणूस दोन्ही थाळ्यांत जेवतो? न्याय म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.

आज फोन वाजला नाही. राँग नंबरलाही रविवार कळतो वाटतं.

बुधवार, १० मार्च

मेना म्हणते, दुसरा डोस घेणार नाही.

"त्या दारातून मी जाणार नाही."

"अगं, अर्धीच लस झाली! अर्ध्या छत्रीनं काय होतं?"

"मग अर्धी भिजेन."

ओरडले. भांडी आपटली. डॉक्टरला फोन केला, तो घाबरवतो तेवढा घाबरवून झाला. मेना खिडकीबाहेर बघत, यंत्र घुरघुरतंय. सांगून टाकलं तिनं, ते रविवारचे फोन त्याचेच. मागच्या वसंतात माणसं पटापट जायला लागली तेव्हा हिनंच शोधला त्याचा नंबर. माझ्या पाठीमागं! मी चर्चमध्ये हिच्यासाठी गुडघे टेकतेय आणि ही इकडे त्याच्याशी हसतेय!

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगणं म्हणजे दार लावणं."

शुक्रवार, १९ मार्च

संत योसेफाचा दिवस. हॉलमध्ये वेदी मांडली — पाव, अंजिराच्या पोळ्या, कोरड्या भाजलेल्या शेंगा. मग पोरांचा नेहमीचा खेळ. योसेफ आणि मरिया एकेक दार ठोठावतात. "कोण?" — "निवारा हवाय." — "जागा नाही!" दोनदा हाकलतात, तिसऱ्यांदा आत घेतात आणि सगळे जेवतात. यंदा मास्क लावून.

"जागा नाही!" दुसऱ्यांदा झालं तेव्हा सगळा हॉल माझ्याकडे बघतोय असं वाटलं. बघू देत! योसेफ नाव बदलून आला नव्हता.

मेनानं मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, २७ मार्च

दुसरा डोस. मी पुन्हा दारात. आता गरज नव्हती, सगळे तेच लोक, पण खुर्ची कशी सोडणार? मेनाला घरी ठेवून आले होते. काल रात्रीच्या जेवणालाही ती नाही म्हणाली होती, लसीला काय हो म्हणणार!

उन्हं वर आली तेव्हा रांगेत कुजबुज झाली. बघते तर मेना! इस्टरची जांभळी टोपी, हातमोजे, इझिडोर मागून चाकाची खुर्ची ढकलतोय, टाकी त्याच्या खांद्याला. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी वेगळी वाट आहे, तिकडे गेली नाही. रांगेत उभी राहिली — उभी! खुर्चीतून उठून. सगळे पुढं जा म्हणत होते, ही नाही म्हणत होती.

माझ्यासमोर आली.

"जा आत, वेडे. धाप लागलीय तुला."

"विचार."

"मेना, तमाशा करू नकोस."

"सगळ्यांना विचारतेस ना? मलाही विचार."

मागं सगळा वॉर्ड कान टवकारून. मिस कॅटलिन हातातलं काम सोडून बघत होती. मेनाचे ओठ निळसर पडायला लागले होते. अजून थोडा वेळ उभी राहिली असती तर पडली असती, आणि पडली असती पण हलली नसती. ओळखते मी तिला.

विचारलं. "कुणाची तू?"

"हॉर्टेन्स रोशोंची थोरली." मास्क खाली ओढून, मोठ्यानं. वर्गात धडा म्हणावा तशी. "माझ्या पाठीवर एक भाऊ, ऑरेल. त्याच्या पाठीवर एक बहीण. ती दारात बसते."

आणि आत गेली.

टाकी सावरत इझिडोर तिच्या मागोमाग गेला.   

रविवार, २८ मार्च

झावळ्यांचा रविवार. परत आले तर मेना फोन ठेवत होती. या वेळी लपवलं नाही.

म्हणाली, ऑरेलचे दोन्ही डोस त्या रांगेत येण्याआधीच झाले होते. तिकडेच, त्यांच्या दुकानात.

"मग त्या रांगेत कशाला उभा राहिला होता?"

"मीच त्याला सांगितलं होतं, नेली दारात बसणार आहे, येणाऱ्या प्रत्येकाला 'कुणाचे तुम्ही' विचारणार आहे. तर म्हणाला, मला साठ वर्षांत कुणी विचारलं नाही."